गटारबाईंचा आकडा

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून जी खोली आहे, तिच्या दारावर चांगली पितळी पाटी आहे. पाटीवर बाईंचं नाव आहे, पदव्या आहेत, 'जलव्यवस्थापन' असा भारदस्त शब्दही आहे. पण ती वाचतो कोण? नवा विद्यार्थी खाली शिपायाला विचारतो तेव्हा शिपाई मान वरसुद्धा न करता सांगतो, "गटारबाई ना? जिना संपला की पहिलंच दार."

बाईंना हे ठाऊक आहे. राग यायचा तो कधीच येऊन गेला. हे नाव त्यांच्या धाकट्या भावानं ठेवलं, आणि ठेवलं म्हणजे काय, गावभर केलं. जेवताना बाईंनी घरात सांगितलं, की मी पीएचडी करणार, विषय सांडपाण्याचा पुनर्वापर आणि लोकांचं मत. भाऊ घास हातात धरून म्हणाला, "म्हणजे लोकांच्या दारात जाऊन विचारणार, काका, गटार पिता का?" पुढं लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा त्यानं हेच भावी नवऱ्यालाही ऐकवलं. नवरा दातांचा डॉक्टर. तो शांतपणे म्हणाला, "चालेल की. मीही दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडातली घाणच काढतो." बाईंनी त्याच क्षणी होकार दिला असं घरात सांगतात. बाई म्हणतात तसं काही नाही, आधी पुष्कळ चौकशी केली होती.

चौकशी केलीच असणार. बाई काळजी करण्यात एक नंबर. घरातून निघताना गॅस बघणार, कुलूप लावून ओढून बघणार, फाटकापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा बघणार. विमानाचं तिकीट काढलं की प्रवासाच्या दिवसापर्यंत झोप नाही. नवरा म्हणतो, हिला काळजी करायला काही उरलं नाही तर त्याचीच काळजी करत बसते. पण खरं सांगायचं तर संशोधनात हाच स्वभाव कामाला आला. दुसरे लोक एकदा तपासतील तिथं बाई पुन्हा पुन्हा तपासायच्या. प्रश्नातला एक शब्द इकडचा तिकडं झाला तर उत्तर बदलतं, हे त्यांना पक्कं माहीत. पालिकांच्या पाणी समित्यांवरचे लोक मागं लागायचे, 'सांडपाणी' म्हणू नका हो, 'नवजल' म्हणा. बाई ठाम. "लोकांना कळू दे काय विचारतोय ते. गोड बोलून घेतलेला होकार मला नको."

हे सगळं सुरू झालं ते सरांपासून. सर म्हणजे बाईंचे मार्गदर्शक, शुद्धीकरणाच्या तंत्रातले मोठे जाणकार. शेजारच्या एका लहान शहरात त्यांच्या सल्ल्यानं केंद्र उभं राहिलं. मैलापाणी येणार, गाळण्यांवर गाळण्या पार करणार, आणि पुन्हा नळाला जाणार. चाचण्या उत्तम. फीत कापली, टाळ्या झाल्या. लोकांना मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. काही दिवस बरे गेले. मग न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "आपण कुणाचं काय पितोय कळतंय का?" झालं! वणवा पेटावा तसं ते वाक्य पसरलं. बायका मुलांना कडेवर घेऊन फाटकाशी जमल्या. सर चाचण्यांचे कागद घेऊन बाहेर गेले, तर कुणी कागद हातात घेईना. केंद्र बंद पडलं ते पडलंच. आजही तिथं गंजलेल्या टाक्या उभ्या आहेत आणि गाव टँकरच्या पाण्यावर जगतंय. सर त्यानंतर फक्त नकाशावाचन शिकवत राहिले. निवृत्तीनंतर भेटायला गेलं, की मध्येच थांबून म्हणायचे, "पाणी स्वच्छ होतं गं." बाई मान खाली घालून बसायच्या.

तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं, की आधी विचारायचं. यंत्र नंतर, माणसं आधी. याच्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली.

सुरुवातीला त्या कचेऱ्यांचाच अभ्यास करत होत्या. पाण्याचा कारभार कोण बघतो, कसा बघतो. तोही मजेशीर उद्योग होता. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर पाणीपुरवठावाले आणि खालच्या मजल्यावर ड्रेनेजवाले. वरच्यांनी सोडलेलं पाणीच खालच्यांकडं परत येतं, पण दोन खात्यांत शब्द नाही. वरचे म्हणायचे, आम्ही पाणी देतो; खालचे म्हणायचे, आम्ही नसतो तर तुम्ही दिलेलं पाणी कुठं गेलं असतं? त्यांची एक बैठक एकत्र लावायला बाईंना जिन्यात उभं राहून भांडावं लागलं होतं. त्या बैठकीत खालच्या मजल्यावरचा एक तरुण इंजिनियर त्यांच्या बाजूनं बोलला. त्याला सगळे पंप म्हणत, कारण एकदा बोलायला लागला की थांबायचा नाही. पंप पुढं मुख्य अभियंता झाला आणि बाईंचा कायमचा दोस्त.

मग बाई दारोदार जायला लागल्या. आणि पहिल्याच दारात तोंडावर आपटल्या. घरच्या बाईंनी पेला भरून पाणी आणून ठेवलं. आमच्या बाई दिवसभर जंतूंचे अहवाल वाचून आलेल्या, त्या म्हणाल्या, "नको, आत्ताच प्यायलेय." त्या माउलीनं पेला उचलला आणि म्हणाली, "आमचं पाणी चालत नाही, मग आमचं मत कशाला हवंय?" दार बंद. बाई घरी येऊन रडल्या. पण त्यातून त्यांनी एक नियम केला: कुणी पाणी पुढं केलं, तर आधी ते प्यायचं. बसायचं, दोन शब्द बोलायचे, आणि मगच प्रश्न. दारं उघडायला लागली. लोक बोलायला लागले. बाईंच्या पद्धतीचं नाव झालं, परदेशातल्या परिषदांत लोक तिच्यावर बोलायला लागले, आणि विद्यार्थिनी तर पाढा म्हणावा तसं म्हणायच्या, "पाणी आधी, प्रश्न नंतर."

तर असं सगळं. आता आपल्या गोष्टीकडं येऊ.

बाईंच्या शहराचं धरण दोन-तीन वर्षं नीट भरलं नव्हतं. नळाला पाणी यायचं ते करंगळीएवढं. महापालिकेनं पंपच्या हातून नवं केंद्र बांधून घेतलं होतं, सांडपाणी शुद्ध करून थेट नळाला देणारं. यंत्रं तयार, पण महापालिकेच्या पाणी समितीच्या अध्यक्षांनी अट घातली: लोकांची तयारी असेल तरच चालू. लोकांची तयारी आहे की नाही हे सांगणार कोण? बाई. वर्षभर विद्यार्थिनी घरोघर फिरल्या. आकडा आला, दहातले सात लोक तयार. असा आकडा बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. पंप फोनवर ओरडलाच, "जिंकलो आपण! सर असायला हवे होते." बाईंनी आकडा पुन्हा तपासला, मग पुन्हा. कुठं खोट सापडेना. सोमवारी सभा. बाईंनी उभं राहून आकडा वाचायचा, सदस्यांनी हात वर करायचे, आणि त्याच आठवड्यात पाणी सोडायचं.

रविवारी दुपारी बाई आत्याकडं जेवायला गेल्या.

आत्या म्हणजे बाईंच्या वडिलांची बहीण. सिनेमाच्या तिकीट खिडकीवर तिनं आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. बाईंची फी, पुस्तकं, पहिली सायकल सगळं तिनं केलं. आवाज असा, की खिडकीतून 'हाउसफुल्ल' म्हटलं की रस्त्यापलीकडची माणसं परत फिरायची. भाचीचं कौतुक इतकं, की बाईंचं नाव पेपरात आलं तर दुधवाल्याला थांबवून वाचून दाखवणार.

ताटं पुसता पुसता आत्या म्हणाली, "अगं, तुला सांगायचंच राहिलं. तुझी पोरगी येऊन गेली माझ्याकडं."

"माझी कोण?"

"ती गं, कुरळ्या केसांची. प्रश्न विचारायला. मी काही ओळख दिली नाही हां, म्हटलं पोरगी घाबरेल. सगळ्याला हो म्हणून टाकलं. पास झाली ना ती?"

नातेवाइकांची घरं वगळायची असतात. ही चूक झाली खरी, पण एका घरानं काय होतंय? त्या शक्य तितक्या सहज म्हणाल्या, "म्हणजे तू ते पाणी पिणार ना, आत्या? सोडलं की?"

"मी?" आत्यानं ताट खाली ठेवलं. "मेले तरी पिणार नाही! शी! काय बोलतेस? वरच्या मजल्यावरच्या त्या म्हाताऱ्याचं मी पिऊ? विकतच्या पाण्याचे जार लावणार आम्ही, सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"मग हो का म्हणालीस?"

"काय करू मग? पोरगी उन्हातून आली. माझ्या हातचं पाणी प्यायली. छान बसली, माझ्या पायाची चौकशी केली. तिला तोंडावर नाही म्हणू? माणूस आपल्या घरचं पाणी प्यायलं की पाहुणा झाला, आणि पाहुण्याचं मन मोडायचं म्हणजे..." आत्या थांबली. "अगं, तू अशी पांढरी का पडलीस? बस, बस आधी."

बाई बसल्या नाहीत. 'सगळ्यांनी मिळून' म्हणजे कोण, असं त्यांनी विचारलं आणि चप्पल घालून तशाच बाहेर पडल्या. आत्याच्या इमारतीत सर्वेक्षणात आलेलं घर एकटं आत्याचं नव्हतं. समोरचे घड्याळजी हसून म्हणाले, "हो हो, आली होती. गोड पोरगी. आम्ही हो म्हटलं. पिणार? छे, बाई, तो वेगळा विषय." खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीनं तर बाईंनाच उलटं विचारलं, "का? कमी पडले का होकार? माझ्या नवऱ्याचाही लिहून टाका." कोपऱ्यावरच्या घरातले दोघं नवरा-बायको एकमेकांकडं बघायला लागले, आणि मग नवरा म्हणाला, "खरं सांगू? तिला 'नाही' म्हणायला आम्हाला वाईट वाटलं."

बाई जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. शब्द तपासले होते, प्रश्नांचा क्रम तपासला होता, मुलींचा आवाज कसा असावा हेसुद्धा शिकवलं होतं. आणि ज्या नियमावर नाव कमावलं, त्या नियमानंच घात केला. पाणी प्यायचं, पाहुणं व्हायचं, आणि मग विचारायचं, की आमच्या मनासारखं उत्तर देता का? कोण कशाला नाही म्हणेल? किती शहरांत हीच पद्धत वापरली होती! किती लोकांनी तिच्या भरवशावर काय काय बांधलं असेल! बाईंना तो विचार पुढं नेववेना. आत्ता समोर सोमवार होता. पाणी सोडलं की आठवड्याभरात ही माणसं तोंड फिरवणार, कुणीतरी न्हाव्याच्या दुकानात बोलणार, आणि पंपचं केंद्र सरांच्या केंद्रासारखं गंजत पडणार. फरक एवढाच, की तिथं टँकर भरायला कुठल्यातरी धरणात पाणी तरी होतं. इथं धरणात गाळ दिसत होता.

तिथूनच त्यांनी पंपला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग सुटला. "वेड लागलंय का तुला? एका इमारतीवरून? उन्हाळा तोंडावर आलाय. तू उद्या कच खाल्लीस तर हे लोक दहा वर्षं विषय काढणार नाहीत. मी नळाला काय सोडू, हवा?"

"आणि सोडून लोकांनी बंद पाडलं तर?"

"बंद नाही पाडणार. सवय होते माणसाला."

"सरही असंच म्हणायचे."

पंपनं फोन ठेवला. बाई घरी आल्या, आल्या त्या नुसत्या येरझाऱ्या घालायला लागल्या. नवऱ्यानं विचारलं, त्यांनी सांगितलं. तो चष्मा पुसत राहिला. "माझ्याकडं पेशंट येतात," तो म्हणाला, "तोंडात माझे दोन्ही हात, आणि मी विचारतो, दुखतंय का? सगळे मान हलवून नाही म्हणतात. मग घरी जाऊन बायकोला सांगतात, मेलो होतो."

"अरे, मग मी काय करू?"

"उद्या सांगून टाक. पण ऐकतील याची खात्री नाही, हेही लक्षात ठेव."

सोमवारी सभागृह भरलं होतं. वर सदस्य, खाली नागरिकांच्या खुर्च्या. आत्या ठेवणीतले कपडे घालून तिसऱ्या रांगेत बसली होती. भाचीचा मोठा दिवस ना. शेजारी घड्याळजी, पलीकडं शिवणवाली. अख्खी इमारतच आली होती. पंप भिंतीला टेकून उभा होता आणि बाईंकडं बघत नव्हता.

बाईंचं नाव पुकारलं. त्या माइकपाशी गेल्या. कागद समोर होता, पण त्यांनी तो पाहिलाच नाही.

"माझा आकडा खरा नाही," त्या म्हणाल्या.

बाईंनी सगळं सांगितलं. नियम काय होता, लोकांनी होकार का दिला, काल काय ऐकलं. घर कुणाचं ते मात्र सांगितलं नाही. "लोक खोटं बोललेले नाहीत. त्यांनी आमचं मन राखलं. चूक माझी आहे. मला थोडे महिने द्या. चेहरा न बघता, चिठ्ठी टाकून विचारू. भीती असेल तर ती आधी बाहेर येऊ दे, तिच्याशी बोलू, केंद्र दाखवू. पाणी सोडल्यावर ती बाहेर आली, तर हे केंद्र पुन्हा कधी चालू होणार नाही. मी एक बंद पडलेलं पाहिलंय." त्यांनी पंपकडं पाहिलं. "मला ते दुसऱ्यांदा बघायचं नाही."

अध्यक्ष फार सज्जन गृहस्थ. ते स्वतः उठून उभे राहिले. म्हणाले, की इतका प्रामाणिकपणा आजकाल दिसत नाही, आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. बाईंना क्षणभर वाटलं, ऐकलं यांनी. सुटलो. मग अध्यक्ष म्हणाले, "मॅडमची काळजी रास्त आहे. पण महिने कशाला घालवायचे? नागरिक इथंच बसलेत. त्यांनाच विचारू ना आत्ता. ज्यांची हरकत असेल त्यांनी मोकळेपणानं हात वर करावा."

"असं नका विचारू!" बाई जवळजवळ किंचाळल्या. "सगळ्यांसमोर, असं..."

पण विचारून झालं होतं. सभागृहात एक हात वर नाही. घड्याळजी आपल्या बुटांकडं बघत होते. शिवणवाली पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत होती. कोपऱ्यावरच्या घरातले नवरा-बायको अध्यक्षांकडं बघून हसत होते, फोटो काढताना हसतात तसे. बाईंची नजर आत्यावर गेली. आत्यानं हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. तिनं भाचीकडं बघून हळूच मान हलवली. काळजी करू नकोस, मी काही बोलणार नाही.

"आत्या," बाई माइकमधूनच म्हणाल्या. आता लाज कसली आणि काय कसलं! "आत्या, बोल ना गं. काल मला सांगितलंस ते सांग. तू बोललीस तर बाकीचेही बोलतील. माझ्यासाठी बोल."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. आत्या गोंधळली. भाची रडवेली झालीय हे तिला दिसत होतं. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या जागी, आपली पोरगी अडचणीत सापडलीय एवढंच तिला कळलं. ती खुर्चीला धरून उठली. चष्मा सारखा केला. आणि तिकीट खिडकीवरच्या त्या खणखणीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली,

"छे, छे! माझी कसली हरकत? पोरीनं जन्म घालवलाय यात. आम्ही सगळे पिणार."

पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी जास्त जोरात. अध्यक्षांनी एकमतानं मंजूर असं जाहीर केलं. आत्या खाली बसली, आणि भाचीकडं बघून हसली.